काही करत नाही म्हणे!

आमच्या लिफ्टचे दार उघडते तेव्हा आत बऱ्याचदा एक रॉटवायलर जातीचा कुत्रा उभा असतो. त्याच्या तोंडाला जाळी नसते, आणि त्याच्या गळ्यात अडकवायचा पट्टा मालकाच्या मनगटाला गुंडाळलेला असतो. माझी 74 वर्षांची आई दचकून मागे सरकते आणि मालक हसून म्हणतात, "घाबरू नका हो आजी, काही करत नाही तो." दोन वर्षे हे वाक्य ऐकतो आहे, आणि आता ते कानावर पडले की माझे डोके फिरते. तुम्हाला तो काही करत नाही, कारण तुम्ही त्याला खायला घालता; आईच्या हातातली काठी पाहून तो काय करेल, हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगता? जुलै 2022 मध्ये लखनौला एका पिटबुल कुत्र्याने 82 वर्षांच्या वृद्धेचा जीव घेतला, तो तर तिच्या स्वतःच्या घरातला होता.

सोसायटीच्या बैठकीत विषय काढला की हेच गृहस्थ कायदा शिकवतात. पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह 23 जातींची विक्री आणि पैदास थांबवा, असे केंद्राने मार्च 2024 मध्ये राज्यांना कळवले होते आणि पुढच्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केले, हे खरेच आहे. पण पत्र रद्द झाले म्हणून पट्टाही रद्द झाला का? भारतीय न्याय संहितेचे कलम 291 जात विचारत नाही. प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असे ते सांगते. वरळीत 2018 साली लिफ्टमध्येच शेजाऱ्याला चावलेला कुत्रा हस्की होता, त्या 23 जातींत नसलेला, आणि तरी मालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. फक्त निकाल लागायला 2025 उजाडले! त्याच वर्षी मानखुर्दला रिक्षात 11 वर्षांच्या मुलाला पिटबुल चावत होता आणि मालक तिथेच बसून हसत होता. त्या हसण्याची मला कुत्र्यापेक्षा जास्त भीती वाटते, कारण तेच हसू मी आमच्या लिफ्टमध्ये रोज पाहतो.

मला त्या रॉटवायलरचा राग नाही. जर्मनीत गुरे हाकायला आणि खाटकांच्या गाड्या ओढायला वापरलेली ही ताकदवान जात दिवसभर दोन खोल्यांत कोंडायची, ना शिकवण, ना पुरेसा व्यायाम, आणि मिरवायला मात्र खाली आणायची, हा त्या जनावरावरही अन्याय आहे.

लेखी तक्रार दिली, तर सेक्रेटरी म्हणाले, "आपसात मिटवा." मिटले ते असे की गुडघे धरून आई चार मजले जिन्याने उतरू लागली. आता हे चालणार नाही. तो पट्टा मनगटावरून सोडा आणि त्याच्या गळ्यात अडकवा. उद्या सकाळी सात वाजता आई लिफ्टनेच खाली येणार आहे.