गोधडी धुवायला काढली

‘गोधडी धुवायची आहे’ असं घरात जाहीर झालं की एकेकाला अचानक बाहेरची कामं आठवतात. मी त्यांना दोष देत नाही. कोरडी गोधडी मांजरासारखी कुशीत येते, भिजली की तिची म्हैस होते.

मशीनचा विचार मनातून काढून टाका. सात किलोचं मशीन म्हणजे सात किलो कोरडे कपडे. पाणी प्यायलेली गोधडी फिरताना एका बाजूला गोळा होते, मशीन फरशीवर चालू लागतं आणि जुना दोरा तटातट तुटतो. गावाकडे नवरात्राआधी गोधड्या ओढ्यावर, कालव्यावर नेतात, कारण तिथे वाहतं पाणी असतं, आपटायला दगड असतो आणि शेजारीण असते. बाथरूममध्ये यातलं काहीच नसतं. तिथे पायांनी तुडवायची.

पिळायला दोघं लागतात. समोरासमोर उभं राहून दोघांनीही आपापल्या उजवीकडे पीळ द्यायचा. समोरच्याचं बघून तसंच उलटं फिरवलं तर गोधडी नुसती गरगर फिरते, पाणी आतच राहतं आणि संसारात वाद होतो. वाळत घालायला दोरी नको, गच्चीचा कठडा बरा. दोन दिवस कडक ऊन, दुपारी एकदा उलटवणं. वरून खडखडीत वाटली तरी मधोमध तळहात दाबून बघावा. तिथे गार लागलं आणि तशीच घडी घातली, तर पुढचं वर्षभर कुबट वास पांघरावा लागतो.

एवढं वजन येतं कुठून, ते फाटक्या कोपऱ्यातून दिसतं. वर चौकटीचं सुती, खाली विरलेलं लुगडं, मग धोतर, आणि त्याखाली चक्क आणखी एक गोधडी! वरचा थर झिजला की तो काढायचा नाही, त्यावरच नवं पातळ चढवायचं, अशी रीत. माणसांसारखंच वयाबरोबर अंग सुटतं.

‘त्यापेक्षा नवीच शिवू’ म्हणणाऱ्याला हिशेब द्यावा. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे, दोन वर, दोन खाली, जोडून घेतले की डबल गोधडीचे दोन्ही पदर झाले. पण शिवायचं? एकेरी, सव्वा मीटर रुंद, दोन मीटर लांब गोधडी घ्या. दोन-दोन सेंटिमीटरवर धावदोऱ्याच्या रेघा म्हटल्या तर साठ रेघा, म्हणजे एकशेवीस मीटर शिवण, सेंटिमीटरला एक टाका धरून बारा हजार टाके. आधी मोठ्या टाक्यांनी सगळे थर टाचून घ्यायचे. तो कंटाळा केला की शिवताना कापड पुढे सरकत जातं आणि शेवटी कडेला फुगा येतो. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेने शिवत शिवत आत येतात. त्यांचा फुगा कुठे लपतो, ते त्याच जाणोत. दोरा दीड हातापेक्षा लांब घेऊ नये, गुंता होतो. ओढून घट्ट करू नये, चुण्या पडतात. कोरं कापड आधी धुऊन घ्यावं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते एकटंच आटतं.

आणि टेरिकॉट मुळीच घालू नये. आजूबाजूचं सुती विरून जातं, टेरिकॉट मात्र हटत नाही. उलट टाक्याटाक्याशी शेजारचं कापड फाडत जातं. मघाच्या फाटक्या कोपऱ्यात असाच एक निळा तुकडा आहे, अजून नवाकोरा. खिशासकट.