मिथेनचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

मासेमारी नौकांच्या डिझेल इंजिनांत नैसर्गिक वायूही जाळावा, या माझ्या लेखावर आपला आक्षेप असा की, धूर दिसेनासा झाला तरी न जळलेला मिथेन (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) धुराड्यातून निसटतो, म्हणून दुहेरी इंधन ही निव्वळ धूळफेक आहे. शिवाय कोकणात हा वायू मिळणार कुठे, असेही आपण विचारले आहे.

पहिला आक्षेप आकड्यांनी तपासण्यासारखा आहे. १ किलो मिथेन जळाल्यावर सुमारे २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तर तेवढीच उष्णता डिझेलपासून घेतली की साधारण ३.७ किलो, म्हणजे बचत ९५० ग्रॅमच्या आसपास. परंतु १०० वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो, त्यामुळे किलोमागे अवघे ३४ ग्रॅम निसटले की ही बचत संपते, आणि २० वर्षांचे माप लावले तर १२ ग्रॅमही पुरतात. शंका रास्त आहे. तिच्यातून आपण काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

कारण किती वायू निसटतो हे बरेचसे इंजिनावरच्या भारावर ठरते. हवेबरोबर आत आलेला वायू दाबाने आपोआप पेटत नाही, त्याला डिझेलचा छोटा फवारा पेटवतो, आणि भार हलका असला की मिश्रण इतके विरळ होते की ज्योत सिलिंडरच्या कडेपर्यंत पोहोचतच नाही. जाळे ओढणारा ट्रॉलर तासन्‌तास जड भारावर चालतो. तेथे वायू चांगला जळतो (फक्त मिश्रण एकदम भडकून इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून त्याचे प्रमाण आवरावे लागते). खाडीतून बाहेर पडताना भार हलका असतो, तेव्हा इंजिनाने निव्वळ डिझेलवर यावे, अशी व्यवस्था नियंत्रकात करता येते. विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉल्फ राइट्झ यांच्या गटाने विकसित केलेली, दोन इंधनांच्या पेट घेण्याच्या क्षमतेतील फरकावर ज्वलन आवरणारी पद्धत काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड दोन्ही कमी करते, पण हलक्या भारावर न जळलेल्या इंधनाचे दुखणे तिलाही आहे. मोठ्या जहाजांच्या काही इंजिनांत वायू सुमारे ३०० बार दाबाने थेट सिलिंडरमध्ये सोडतात, त्यामुळे तो फारच कमी निसटतो. आपल्या नौकांना ती यंत्रणा परवडेल असे मला वाटत नाही.

दाभोळला द्रवरूप वायूचे टर्मिनल आहे म्हणून रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेट्टीवर वायू येत नाही, हे मान्य. उणे १६२ अंशांचा द्रव ट्रॉलरवर बाळगण्यापेक्षा २०० बारचा सीएनजी सोपा, पण तो डिझेलच्या सुमारे चौपट जागा मागतो आणि ती बर्फ-मासळीच्या खणातूनच काढावी लागते. त्यामुळे सुरुवात रोज बंदरात परतणाऱ्या नौकांपासून व्हावी. आठवडाभर खोल समुद्रात राहणाऱ्यांना मी ही पद्धत तूर्त सुचवणार नाही.