प्रश्नमंजुषेत तेर का नाही?

मराठवाड्यात आज कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, दोन-चार अभ्यासिका दिसतातच. तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससी. लेकरं पहाटेपासून बसतात, जाडजूड गाइड संपवतात, हजारो वन लायनर पाठ करतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. गणपतीत आणि 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, गावोगाव प्रश्नमंजुषा होतात, याचाही आनंद आहे. माझी तक्रार आहे ती प्रश्नांबद्दल. सर्वांत लांब नदी कोणती, जपानचं चलन कोणतं, पहिला बोलपट कोणता? नाईल, येन, आलम आरा. टाळ्या, पुढचा प्रश्न. वर्षानुवर्षं हेच चाललंय. आपल्या भागावरचा प्रश्न आलाच तर तो मुक्तिसंग्रामाच्या तारखेपाशी थांबतो.

चांगला प्रश्न दोन लांबच्या गोष्टींची गाठ घालून देतो, असं माझं ठाम मत आहे. आणि अशा गाठी आपल्या मुलखात पावलोपावली आहेत.

धाराशिव जिल्ह्यातलं तेर घ्या. ‘तेर कोणत्या संताचं गाव?’ असं विचारलं तर गोरोबाकाकांचं नाव लेकरू झोपेतही सांगेल. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं एक पुस्तक आहे, तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची आणि व्यापाराची माहिती देणारं. त्यात पैठण आहे, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचं मोठं शहर आहे. हे तगर म्हणजे आपलं तेर. तिथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, थेट गुजरातेतल्या भडोचच्या बंदराला जायची. तिथून जहाजं पश्चिमेला निघायची.

आता पुढचं ऐका. 1938 साली इटलीतल्या पाँपेईच्या उत्खननात वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. घडण अस्सल भारतीय. पाँपेई इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ही बाई त्याआधीच समुद्र ओलांडून तिथे पोचलेली होती. आणि तिच्याशी फार मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती सापडली ती तेरला! मग प्रश्न असा विचारा ना: इटलीतला ज्वालामुखी आणि तेरणाकाठचं तेर यांना जोडणारी वस्तू कोणती? नववीतली पोरगी हे एकदा ऐकेल तर घरी जाऊन आईला सांगेल. येन हे उत्तर घरी जाऊन कुणी सांगत नाही.

संगीताच्या फेरीचंही तेच. कोण कोणतं वाद्य वाजवायचं, एवढ्यावर ती संपते. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला राहून शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचे सात अध्याय आहेत आणि स्वर, राग, ताल, वाद्यांपासून नृत्यापर्यंत सगळं त्यात आहे. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा आजही त्याला आधारग्रंथ मानतात. शार्ङ्गदेवाचं घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत आले. स्वतः तो दरबारात हिशेबखात्याचा प्रमुख, शिवाय वैद्यकाचा जाणकार. शाळांच्या सहली दरवर्षी देवगिरीचा किल्ला चढतात, मेंढा तोफ बघतात, अंधारीत आरडाओरडा करून येतात. देशभराच्या गाण्याचं शास्त्र ज्या गावात लिहिलं गेलं त्या गावात आपण उभे आहोत, हे त्या लेकरांना कुणी सांगत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

सिनेमाचा प्रश्न हवा? 1966 च्या ‘आम्रपाली’त वैजयंतीमालाने घातलेले कपडे भानू अथैया यांनी अजिंठ्याची चित्रं अभ्यासून तयार केले होते. पुढे ‘गांधी’साठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्याच अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ पळसखेड आहे, ना. धों. महानोरांचं. शेतात राबणाऱ्या या कवीने 1977 च्या ‘जैत रे जैत’साठी सह्याद्रीतल्या ठाकर आदिवासींच्या तोंडची गाणी लिहिली.

आणि हिंगोली जिल्ह्यातली नर्सी व नांदेड. नर्सीच्या नामदेवांची 61 पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. त्याच ग्रंथाला गुरूचं स्थान दिलं गुरु गोविंदसिंगांनी, 1708 साली, नांदेडला. दोन्ही ठिकाणं एका दिवसात बघून होतात.

‘हे परीक्षेला येत नाही’, असं मला नेहमी ऐकवतात. त्यावर एवढंच म्हणतो की आता ‘योग्य विधान ओळखा’ या प्रकारचे प्रश्न भरपूर असतात आणि ज्याला गोष्ट माहीत आहे तो चुकीचा पर्याय लवकर खोडतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. एका ओळीत उत्तर देणारं लेकरू तिथे पानभर काय लिहिणार?

तारखा नकोत असं मी म्हणत नाही. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993, हे आपल्याकडच्या प्रत्येकाला माहीत असायलाच पाहिजे. पण लगेच पुढचा प्रश्न हवा: एवढी माणसं का गेली? आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या सुमाराला लोक गाढ झोपेत, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं आणि दगडमातीच्या जाड भिंती. शिवाय दख्खनचं पठार भूकंपापासून सुरक्षित आहे असं तोवर समजलं जायचं. 2002 साली देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशाच बदलला, त्यात सर्वांत कमी धोक्याचं ‘क्षेत्र एक’ काढून टाकलं. हे लेकरांना कळलं तर उद्या घर बांधताना ती गवंड्याला चार प्रश्न विचारतील.

ज्यांच्या हाती यंदा कार्यक्रमाचा माइक आहे त्या गुरुजींना, मंडळाच्या पोरांना माझी हात जोडून विनंती आहे. प्रश्न निम्मे करा, पण प्रत्येक उत्तरानंतर दोन मिनिटं त्यामागची हकिकत सांगा. एक फेरी लेकरांनीच तयार केलेल्या प्रश्नांची ठेवा. गावातली बारव, वेशीजवळचा वीरगळ, जुन्या देवळावरचा शिलालेख, कुठूनही प्रश्न काढू द्या. आणि ढाली, कप देण्याऐवजी जिंकलेल्या लेकरांना एसटीने तेरला नेऊन आणा.

तुमच्या तालुक्यातला असा एखादा प्रश्न असेल तर इथे लिहा. अट एकच, उत्तर नुसतं साल किंवा नुसतं नाव नको. जमतील तेवढे मी वहीत उतरवून आमच्या भागातल्या शाळांना देणार आहे.