टर्की ओरडली म्हणून तिच्या दिशेने जाऊ नका

टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीबद्दलचा 'पहाटे टर्की हमखास मिळवण्याचे पाच उपाय' हा मजकूर अमेरिकेतल्या मराठी गटांत फिरतोय. काल तो माझ्या भाच्याकडे पोहोचला. पेनसिल्व्हेनियात वसंतातल्या शिकारीचा त्याचा हा पहिलाच हंगाम. त्यातला पहिलाच उपाय: नराला बोलवायला मोबाइलवर मादीचा आवाज लावा. त्याने विचारलं, "मामा, मग मोबाइल नेऊ ना?" मोबाइल तर नकोच, पण त्यातला दुसरा उपाय वाचून माझं डोकंच फिरलं.

तो उपाय असा: नर ओरडला की वाकून, झाडांच्या आडून आवाजाच्या रोखाने जवळ जा. अरे, रानात तुम्ही एकटेच आहात का? ओरडणारा तो 'नर' दुसरा शिकारी असू शकतो. उत्तर देणारी 'मादी' म्हणजे बॉक्स कॉल (घासून मादीचा आवाज काढायची छोटी पेटी) घासत बसलेला माणूस असू शकतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बंदूक चालवायला परवानगी असते, म्हणजे उजेड अंधुक. सगळे पानापाचोळ्याच्या रंगाचे कपडे घालून बसलेले. माणूस लांबून ओळखू यावा म्हणून घालतात ते नारिंगी जाकीट वसंतात सक्तीचं नाही. अशा वेळी झुडपामागे काही हललं आणि समोरच्याने घाई केली, तर छर्रे तुमच्या तोंडावर. पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनची, म्हणजे तिथल्या शिकारीचं बघणाऱ्या सरकारी खात्याची, नियमपुस्तिका स्पष्ट सांगते: वसंतात टर्कीची शिकार फक्त साद घालून (टर्कीचा आवाज काढून तिला बोलावून) करायची, माग काढत तिच्यावर चालून जाणं बेकायदा. खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बसा आणि पक्ष्याला येऊ द्या. कोणी शिकारी येताना दिसला तर हात हलवू नका, मोठ्याने हाक मारा.

याच्याच जोडीला तिसरा उपाय: 'टर्कीला रंग कळत नाहीत, लाल टोपी चालेल.' टर्कीला रंग चांगले दिसतात. पण खरी भीती माणसाच्या नजरेची आहे. पिसारा फुलवलेल्या नराचं डोकं आणि मान लाल, पांढरी, निळसर असते, आणि शिकारी नेमके तेच रंग शोधत असतात. टोपीच काय, खिशातला लाल रुमाल आणि पांढरे मोजेसुद्धा घरी ठेवा.

मोबाइलवर मादीचा आवाज लावणं पेनसिल्व्हेनियात बेकायदा आहे, तेही त्याच पुस्तिकेत आहे. इतर राज्यांत राहणाऱ्यांनी आपापल्या राज्याचे नियम पाहावेत.

'सतत साद घालत राहा' हा चौथा उपाय धोकादायक नाही, पण चुकीचा आहे. निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण त्याला उलटं वागायला लावत असतो. मादी सतत बोलतेय म्हटल्यावर ती येईलच असं समजून तो जागचा हलत नाही. दोन-चार हलके येल्प (मादीची छोटी हाक) द्यायचे आणि गप्प बसायचं. गप्प बसणंच नवख्यांना जड जातं.

पाचवा उपाय मात्र बरोबर आहे, एवढं मान्य करावं लागेल. झुंजूमुंजू व्हायच्या आधी घुबडाचा आवाज काढला की रातथाऱ्यावरचा नर कित्येकदा न राहवून ओरडतो आणि तो कुठे आहे ते कळतं. पण कळलं म्हणून त्या झाडाखाली जाऊन उभं राहायचं नाही. लांबच बसायचं.

हंगाम मेच्या तोंडावर सुरू होतो. हा मजकूर तुम्ही पुढे पाठवला असेल, तर ज्यांना पाठवला त्यांना आजच फोन करा आणि निदान दुसऱ्या-तिसऱ्या उपायाबद्दल सांगा.