नऊचा फासा

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात एका क्रीचरला, म्हणजे माझ्या बाजूने लढणाऱ्या प्राण्याच्या पत्त्याला, मी नऊ टर्न वाढवलं होतं. मूळचं एकावर एक, म्हणजे ताकद एक, तग एक, अगदी मरतुकडं. दर टर्नला एक 'प्लस वन प्लस वन' काउंटर, म्हणजे पाठीवरच्या फाशाचा आकडा एकाने पुढे. फासा नऊवर आला तेव्हा ते दहावर दहा झालं होतं आणि माझी मानही तेवढीच ताठ झाली होती.

भाच्याने त्याच्यावर नेम धरून एक स्पेल, म्हणजे मंत्राचा पत्ता, टाकला. माझ्या हातात क्लाउडशिफ्ट होतं. एक पांढरा 'माना' (पत्ते टाकायचं इंधन) खर्चून आपलं क्रीचर एक्झाइलमध्ये, म्हणजे खेळाबाहेर, जातं आणि लगेच परत येतं. टाकलं. क्रीचर गेलं, आलं. त्याचा स्पेल वाया. मी विजयी मुद्रेने वर पाहिलं, तर तो शांतपणे फासा उचलून डबीत ठेवत होता.

"अरे, वाचलं ना ते!"

"ते नाही वाचलं, मामा. हे दुसरं आहे."

मॅजिकमध्ये सात झोन, म्हणजे पत्त्यांच्या जागा, असतात: लायब्ररी, हँड, बॅटलफिल्ड, ग्रेव्हयार्ड, स्टॅक, एक्झाइल आणि कमांड. पत्ता एका झोनमधून दुसऱ्यात गेला, की तो नवीन ऑब्जेक्ट. मागचं काही आठवत नाही. नियम 400.7. म्हणूनच भाच्याचा स्पेल वाया गेला होता. तो जुन्या क्रीचरला शोधत आला आणि या नावाचे दुसरेच गृहस्थ दारात उभे. इथवर मला नियम फार आवडला.

"पण काउंटर कुणी काढले?"

"कुणीच नाही. काढले जात नाहीतच. ते नाहीसे होतात."

हा फरक शाब्दिक नाही म्हणे. 'काउंटर काढल्यावर अमुक होईल' असं लिहिलेला पत्ता टेबलावर असता, तरी तो ढिम्म हलला नसता. म्हणजे माझ्या नऊ टर्नच्या मेहनतीच्या मृत्यूची साधी नोंदही होणार नव्हती. वर त्या नवजाताला समनिंग सिकनेस, म्हणजे या टर्नला हल्लाही नाही.

खरा संताप पुढे आहे. भाच्याने ते क्रीचर माझ्याकडून पळवलं असतं, तर काउंटर शाबूत राहिले असते, कारण ताबा बदलला तरी झोन तोच, बॅटलफिल्ड. फेज आउट होऊन ते एक टर्न बेपत्ता राहिलं असतं, तरी काउंटरसकट परतलं असतं, कारण फेजिंगला झोन बदलणं म्हणत नाहीत. चोरून नेलं तर सलामत, गायब झालं तर सलामत. मी जीव वाचवला, तर मुसळ केरात. स्कलब्रायर नावाचा एक पत्ता काउंटर घेऊनच झोन बदलतो, हँड आणि लायब्ररी सोडून कुठेही. पण असे लाडके एखाद-दुसरेच.

बरं, विसरण्याचं दुःख तरी दोघांना सारखं असावं! भाच्याचं किचन फिंक्स मी आधीच एकदा मारलं होतं. त्याला पर्सिस्ट आहे: 'मायनस वन मायनस वन' काउंटर नसताना मेलं, तर तो काउंटर लावून परत येतं. म्हणजे एकदा परतलं की दुसऱ्यांदा मेलं ते मेलं. मी टपूनच होतो. तेवढ्यात या पोराने त्याच्यावर क्लाउडशिफ्ट टाकलं. तोच पत्ता, मी टाकलेलाच! फिंक्स नवं कोरं, डाग धुतलेला, पर्सिस्ट पुन्हा तयार, आणि बॅटलफिल्डवर आल्याबद्दल त्याला वर दोन लाइफ.

माझ्याकडे उरलं काय, तर माझ्या स्वतःच्या नावाचे नऊ पॉइझन काउंटर. दहा झाले की खेळाडू हरतो, आणि प्रोलिफरेट नावाची चाल असलेल्या काउंटरात आणखी एकाची भर घालते.

"हे कधी जातात?"

"ते पत्त्यावर नाहीत मामा, तुझ्यावर आहेत. आणि तू झोन बदलत नाहीस."

मी उठलो, दुसऱ्या खोलीत गेलो, दोन मिनिटं भिंतीकडे बघत बसलो आणि परत आलो. पॉइझनचा फासा नऊवरच होता.

"बसलास?" भाच्याने विचारलं आणि प्रोलिफरेट केलं.