बूट घेताय की घर बांधताय?

पोराच्या शाळेच्या बुटांसाठी म्हणे दुकानात खास माप घ्यायचं, अस्सल चामडंच घ्यायचं आणि त्याचे वेगळे पैसे मोजायचे! आधी पोराला पट्टीवर उभं करायचं. लांबी मोज, रुंदी मोज, अंगठा दाबून बघ, दुकानभर चालवून आण. एवढा थाट कशासाठी? तर पुढच्या सत्रात पाय वाढून तेच बूट चावायला लागणार म्हणून! बरं, तोवर तरी बूट धड राहतात का? पोरगं त्यांनीच दगड लाथाडतं, त्यांनीच सायकलला ब्रेक मारतं, आणि लेस न सोडता टाच चुरगाळून पाय कोंबतं. आठवड्याभरात पुढचं टोक पांढरंफटक! अस्सल चामडं घेऊन काय त्याची पूजा करायची?

वर विक्रेत्याचा तो गंभीर चेहरा. जणू माप चुकलं तर पोर जन्मभर लंगडणार. १९५०च्या दशकात तर अमेरिका-ब्रिटनमधल्या दुकानांत पायाचा एक्स-रे काढून बूट विकायचे! किरणांचा धोका लक्षात आल्यावर ती यंत्रं गेली, थाट मात्र राहिला.

अहो, संध्याकाळी पोराला उभं करून दोन्ही पाय मोजा, मोठ्या पायाचं माप धरा, पुढे साधारण सेंटिमीटरभर जागा सोडा. झालं! याचे वेगळे पैसे? आणि एवढं सगळं करून पोरगं म्हणणार, "मला ते लाइटवाले हवे होते."