दिवसा खेळा म्हणे!

सेमीफायनल. शेवटची ओव्हर, 4 बॉल 11 रन, आमचा लेफ्टी स्ट्राईकवर. बॉलर धावत आला, हात फिरला आणि फट्! अख्ख्या गावाची लाईट गेली. बॉल कुठं पडला, देव जाणे. अंपायर म्हणतो डॉट, आमचे म्हणतात वाईड. अंधारात कुणी कुणाची कॉलर धरली तेही कळेना.

वर्गणी काढून हॅलोजन लावले होते भो. डिपॉझिट भरून रीतसर तात्पुरतं कनेक्शन घेतलं होतं, आकडा नाही टाकला!

सबस्टेशनला फोन लावला. दहा वेळा एंगेज. अकराव्यांदा साहेब म्हणाले, "वरून आदेश आहे, इमर्जन्सी लोडशेडिंग. दिवसा खेळा ना!"

दिवसा? भुसावळच्या मे महिन्यात? पारा 45 ला टेकलेला, आणि म्हणे दिवसा. 1973-74 च्या कोळसाटंचाईत ब्रिटन सरकारनं टीव्ही रात्री साडेदहाला बंद करायला लावला, मैदानावरचे दिवेही बंद केले. त्यांनी फुटबॉल दुपारी खेळला. खेळतील ना, त्यांच्या दुपारी कुणाला ऊन लागून सलाईन लावावं लागत नाही.

आणि टंचाई कुणाला सांगता? माझ्या गच्चीवरून दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. 500-500 मेगावॅटचे दोन संच, शेजारी 660 चा नवा. कोळसा आमच्या दारात जळतो, राख आमच्या कुरडयांवर बसते. वीज ग्रीडमध्ये जाते, दारातली दारातच मिळत नाही, हे मला कळतं. आयटीआय झालोय मी. पण कात्री लावताना बरोबर आमचंच फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून गावाला येणारी लाईन, कसं सापडतं? तर म्हणे गळती आणि थकबाकी जास्त, म्हणून आम्ही 'जी' गटात, म्हणजे कात्रीच्या रांगेत पुढे. अहो, माझं बिल एक महिना थकलेलं नाही! आकडे टाकणारा दुसरा, त्याला हात लावायची हिंमत नाही, आणि अंधारात मी.

आखाजीलाही, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही, हेच. लेकी माहेरी आल्या, झोके बांधले, रात्री गाण्यांना रंग चढला आणि लाईट गुल. यात्रेतल्या तमाशाला जनरेटर लागला. डिझेलचे पैसे कुणी द्यायचे यावरून गावचे पंच आणि फडमालक यांचाच वग रंगला, तोही फुकट.

काल त्याच अंधारात पोरं 9 टक्के बॅटरीवर आयपीएल बघत बसली होती. तिकडे स्टेडियमवर असा उजेड, की सुई पडली तरी सापडावी.

उरलेले बॉल उद्या सकाळी सहाला खेळवायचं ठरलंय. तीन की चार, त्यावर भांडण चालूच आहे. लेफ्टी मात्र येणार नाही. त्याच्या मळ्यात शेतीपंपाची लाईट या आठवड्यात रात्री बारा ते सकाळी आठ आहे, तो केळीला पाणी देत असेल.